सरांचा हात आणि गुळाचा वास

“ह्याला लीगमधून न्हाई, जिल्ह्यातूनच काढा साहेब! ज्यानं शिकवलं त्याचाच हात मोडला ह्यानं!”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. ओरडणारा होता सरांचा पुतण्या, आणि त्याच्या मागे ठाण्याच्या आवारात माणसं उभी होती. स्टेशन डायरीत मी ‘अंदाजे चाळीस इसम’ असं लिहिलं. नातवंडांना सांगताना ते चारशे होतात. तुमच्यासाठी दोनशे धरा. निवृत्त झाल्यापासून मी गुन्ह्यांचे नंबर विसरलो, काही वरिष्ठांची नावं तर मुद्दाम विसरलो. पण ती सकाळ माझ्यासमोरून हलत नाही, कारण त्या प्रकरणात पहिली चूक माझी होती.

ठाण्याचं नाव सांगत नाही. लोह्यापासून अहमदपूरकडे निघालात की नांदेड जिल्हा संपून लातूर जिल्हा कुठे सुरू होतो हे फक्त तलाठ्याला आणि आम्हाला कळतं, अशा पट्ट्यातलं ते ठाणं. हिवाळ्यात तिथे दोनच विषय असतात, हरभरा आणि कबड्डी. पासष्ट किलो वजनी गटाची लीग भरते, आठ गावांचे आठ संघ, आणि दहा दिवस भोंग्यावर जे बोललं जातं ते तालुक्याला कायद्यासारखं असतं.

ज्याच्यावर आरोप होता तो बावीस वर्षांचा चढाईपटू. शेतकऱ्याच्या घरातला, अंगानं सडपातळ. चढाईला गेला की समोरच्या सातांना वाटायचं आपल्यात बारा जण शिरलेत. मी एकदा त्याला पाच जणांना ओढत मध्यरेषेवर आणताना पाहिलं आहे. सहावा मीच होतो असंही मी कुठेतरी सांगितलं आहे, ते सोडून द्या.

त्याला कबड्डी शिकवली ती सरांनी. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, लीगचे मुख्य पंच आणि तिथल्या मैदानावरचं शेवटचं न्यायालय. गेल्या वर्षीच्या फायनलला शेवटच्या चढाईत पोराचा पाय रेषेबाहेर पडला आणि सरांनी हात वर करून त्याला बाद दिलं. संघ एका गुणानं हरला. पोरगा सगळ्या मैदानासमोर ओरडला होता की ज्या हातानं मला बाद दिलं, तो हात मोडून टाकीन.

यंदा, फायनलच्या आदल्या गुरुवारी, दिवस मावळायच्या सुमाराला, सर स्कूटरवरून घरी येताना शेतरस्त्यावर बेशुद्ध सापडले. डोक्याला मार, आणि उजवा हात कोपराखाली मोडलेला. तोच हात. पुतण्यानं फिर्याद दिली, गेल्या वर्षीची धमकी सांगितली, आणि जबर दुखापतीचा गुन्हा नोंद झाला.

माझी चूक इथे झाली. लीगच्या अध्यक्षांचा फोन आला, पोरावर संशय आहे का म्हणून. मी घाईत म्हणालो, “सध्या तरी त्याच्यावरच आहे.” पंधरा मिनिटांत भोंग्यावर जाहीर झालं की अमुक खेळाडूला गुन्हेगारी कृत्याबद्दल लीगमधून कायमचं बाद करण्यात येत आहे. ‘सध्या तरी’ हे दोन शब्द भोंग्यापर्यंत पोचलेच नाहीत. पोलिसाच्या तोंडातून निघालेला शब्द बाहेर जाताना असाच सोलून निघतो.

शुक्रवारी सकाळी त्याला घेऊन यायला मी जमादारांना पाठवलं. ते त्याला अंथरुणातून उठवून तसाच घेऊन आले. अंगात दोन स्वेटर, एकावर एक. त्याला बाकावर बसवलं, पुतण्याला आणि दोनशे माणसांना फाटकाबाहेर काढलं आणि चौकशी सुरू केली.

काल संध्याकाळी कुठे होतास? शेतात. कुणाच्या? गप्प. कोण होतं सोबत? गप्प. मी बत्तीस वर्षं माणसं बोलती केली. मुक्या म्हशीनंसुद्धा माझ्यासमोर मालकाचं नाव सांगितलं असेल. पण हा पोरगा जमिनीकडे बघत बसला आणि मधूनमधून रुमालात थुंकत राहिला. ठाणे अंमलदारांनी चहा ठेवला. मांडवातला उपाशी नवरदेव जिलबीकडे बघतो तसं त्यानं त्या चहाकडे बघितलं आणि कप लांब सारला. पाणी दिलं, तेही घेतलं नाही. ओठ मे महिन्यातल्या तळ्यासारखे तडकलेले.

मला वाटलं, हा भ्यायलाय. भ्यालेला माणूस मात्र पाणी मागतो, नाकारत नाही. हे माझ्या डोक्यात यायला अडीच तास लागले, आणि तेही मुंग्यांमुळे.

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या महिला शिपाई बाई म्हणाल्या, “साहेब, त्याच्या बाकाकडं मुंग्या काहून चालल्यात?” बघतो तर भिंतीतून मुंग्यांची रांग निघालेली, मुद्देमालाच्या खोलीवरून वळसा घालून, बाकाचा पाय चढून सरळ पोराच्या बाहीवर. एवढी शिस्तीची रांग मी पोलीस परेडला पाहिली नाही. वाकून वास घेतला. धूर आणि गूळ. स्वेटरच्या बाहीवर काकवीचे थेंब वाळून चिकटले होते.

मग मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. म्हणालो, “बाळा, तू गुऱ्हाळात होतास. एवढंच ना? मग सांगायला काय झालं?”

जबर दुखापतीचा आरोप ऐकून ज्याचा चेहरा हलला नव्हता, तो पोरगा ह्यावर रडायला लागला.

गोष्ट अशी होती. लीग पासष्ट किलोची आणि हा भरत होता अडुसष्ट. शनिवारी सकाळी फायनलच्या संघांचं पुन्हा वजन व्हायचं होतं. आमच्याकडची पोरं अशा वेळी काय करतात, तर दोन दिवस अन्न तोडतात, पाणी तोडतात, दिवसभर थुंकत राहतात आणि दोन स्वेटर घालून, वर घोंगडी पांघरून गुऱ्हाळाच्या भट्टीशेजारी जाऊन बसतात. समोर कढईत रस उकळतोय, गुळाचा वास सुटलाय आणि पोटात दोन दिवस काही नाही. आमच्या लॉकअपमध्ये एवढा छळ कुणी केला असता तर मीच निलंबित झालो असतो. तीन वर्षांपूर्वी असाच एक खेळाडू काट्यावर उभा असताना कोसळला आणि महिनाभर दवाखान्यात राहिला. तेव्हा सरांनी नियम केला की भट्टीवर बसून वजन उतरवणारा खेळणार नाही. आणि आपल्या प्रत्येक पोराला डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

मी म्हणालो, “अरे, मग हे सांग ना. तू सुटलास.”

त्यानं माझे पाय धरले. “साहेब, सरांचा हात मी मोडला असं लिवा. मी सही करतो. पन गुऱ्हाळाचं लिवू नका. सरांना कळलं तर ते बोलणार न्हाईत माझ्याशी.”

मी चोरांचे, खुनी माणसांचे, एका आमदाराच्या मेहुण्याचेसुद्धा कबुलीजबाब ऐकले आहेत. असा कबुलीजबाब पुन्हा कधी आला नाही. गेल्या वर्षीच्या धमकीचं विचारलं, तेव्हा कळलं की दुसऱ्याच दिवशी सकाळी हा सरांच्या घरी जाऊन पाया पडला होता. धमकीला हजार साक्षीदार होते, माफीला एकटे सर. आणि सर दवाखान्यात गुंगीत होते.

मी जमादारांना घेऊन गुऱ्हाळावर गेलो. ते दोन शेतं ओलांडून लातूर जिल्ह्यात निघालं, म्हणजे माझ्या हद्दीबाहेर. म्हणून मी तिथे गूळ खायला गेलो असं समजा. तिथला गुळव्या, म्हणजे कढई सांभाळणारा कारागीर, म्हणाला, “दुपारपासून दिवाबत्तीपर्यंत इथंच होतं ते लेकरू. मी म्हणलं घोटभर रस घे. वास घेतो म्हणला फक्त.”

म्हणजे पोरानं केलं नव्हतं. मग केलं कुणी?

घटनास्थळाचा पंचनामा आदल्या दिवशी अंधार पडता पडता झाला होता आणि लोकांनी स्कूटर आधीच उचलून बाजूला लावली होती. आता उजेडात पुन्हा बघितलं. फुटलेल्या हेडलाइटच्या फटीत करडे, राठ केस अडकलेले. रस्त्याकडेच्या हरभऱ्यात कुणीतरी नांगर फिरवावा तशी वाट पडलेली, आणि तिच्यात खुरांचे ठसे. राखणीला बसलेल्या शेतकऱ्याला विचारलं, कुणी मारेकरी पळताना दिसला का. तो शांतपणे म्हणाला, “माणूस न्हाई दिसला साहेब. कालपासून एक रोही मात्र लंगडून राहिला.”

रोही म्हणजे नीलगाय. चांगला घोड्याएवढा नर. मी सांगताना त्याला कधी कधी उंटाएवढा करतो, पण सरांच्या स्कूटरच्या मानानं तो हत्तीच होता. केस बघून पशुवैद्यकीय डॉक्टरांनी दुजोरा दिला. संध्याकाळी सर पूर्ण शुद्धीवर आले. काय आठवतं विचारलं तर म्हणाले, “डावीकडून काहीतरी आडवं आलं. चढाईत बोनस घ्यायला निघाल्यासारखं.”

गुन्हाच घडला नव्हता. मी केस डायरीत लिहिलं की ‘सदर इसम घटनेवेळी अन्यत्र हजर असल्याची खात्री केली’, आणि ‘अन्यत्र’ म्हणजे कुठे, हे लिहायला माझं पेन नेमकं संपलं. रोह्याचे केस सापडल्यावर गुऱ्हाळाची गरजही उरली नव्हती. पोरगा सुटला होता, शपथ झाकली गेली होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

शनिवारी सकाळी अध्यक्ष माझ्यासमोर बसले. म्हणाले, “साहेब, गुन्हा नोंद झाला म्हणून आम्ही बाद केलं. आमचं काय चुकलं?” मी म्हणालो, तुमचं चुकलं आणि तुमच्याआधी माझं. गुन्हा नोंद होणं ही सुरुवात आहे, तुम्ही तिला निकाल समजलात. मी काही सगळ्यांना मैदानावर मोकळं सोडा म्हणणारा माणूस नाही. एखाद्यानं कुणा मुलीला त्रास दिल्याची तक्रार आली, तर चौकशी होईतो त्याला बाहेर बसवा, मीच तुम्हाला शाबासकी देईन. पण बसवणं वेगळं आणि शिक्षा देणं वेगळं. बसवलेल्याला परत उठवता येतं. भोंग्यावरून गुन्हेगार ठरवलेल्याला कोण उठवणार? मग मी त्यांना त्याच भोंग्यावर, त्याच आवाजात, पोरगा निर्दोष असल्याचं जाहीर करायला लावलं. तीन वेळा. पोलिसाच्या घाईमुळे चूक झाली, हेही त्यांनी सांगितलं. ते मी त्यांना लिहून दिलं होतं.

तिथून मी पोराला जीपमध्ये घातला आणि नांदेडच्या दवाखान्यात सरांकडे नेला. वजनाची वेळ अकराची होती, दहा मिनिटं भेटून परत येऊ असा हिशेब. अध्यक्षही मागच्या गाडीत होते. वाटेत मी त्याला बजावलं, “पाया पड, तब्येत विचार, तोंड बंद ठेव.”

सर कॉटवर बसलेले, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. अध्यक्ष रोह्याबद्दल सांगू लागले, पुतण्या खाली मान घालून उभा. सरांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते पोराच्या ओठांकडे बघत होते. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“वजन किती?”

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“पासष्टला पाव किलो कमी,” तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगून टाकलं. भट्टी, दोन स्वेटर, थुंकणं. कुणी विचारलं नव्हतं तेही.

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय म्हणून. मग डाव्या हातानं त्याला जवळ ओढलं, तडकलेल्या ओठांवरून अंगठा फिरवला आणि उशाची पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला. अर्धी बाटली संपल्यावर सर अध्यक्षांना म्हणाले, “उद्याची फायनल ह्याला नाही. भट्टीचा नियम. पुढच्या वर्षी पहिल्या सामन्यापासून खेळेल.”

मी तिथे जरा भांडलो, लपवत नाही. म्हटलं सर, जिल्हा संघाच्या निवडीची माणसं उद्या फायनल बघायला येणार आहेत, त्याला मी केवढ्यातून काढलाय. सर म्हणाले, “तुम्ही त्याला न केलेल्यातून काढलंत साहेब. हे त्यानं केलंय.”

माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षा देणारे खूप पाहिले. ज्याला शिक्षा दिली त्याला आधी पाणी पाजणारा हा एकच. लीगनं आपल्या रेषेच्या आतलं बघावं, बाहेरचं आम्ही आणि कोर्ट बघू, एवढं मला त्या कॉटपाशी कळलं. आतलं बघायलाही नियमाचं पुस्तक पुरत नाही, पोराचे ओठ ओळखणारा माणूस लागतो.

रविवारी मी फायनलच्या बंदोबस्ताला होतो. शेजारच्या गावाचा संघ समोर होता, आणि पोराचा संघ दोन गुणांनी हरला. निवडीची माणसं आली, बघून गेली. सर त्याच सकाळी घरी आले होते, ते मैदानावर आले नाहीत. पोरगाही कुठे दिसला नाही.

सोमवारी तो ठाण्यात आला, राहिलेल्या दोन कागदांवर सही करायला. स्वेटर नव्हता, ओठांना तूप लावलेलं. मी म्हणालो, “काय रे, फायनल बघायलासुद्धा आला नाहीस. दिवसभर केलंस काय?”

त्यानं सही केली, पेन परत ठेवलं.

“सरांना भरवलं. मग मी जेवलो.”