अडलेला डावा हात

आमच्या कॅथेड्रलमध्ये मेणबत्त्यांची थोटकं कधी टाकून देत नाहीत. सगळी एका डब्यात जातात, उन्हाळ्यात वितळून एक होतात, आणि मग कुठलं मेण कोणाच्या नवसाचं ते सांगता येत नाही. किश्शांचंही तसंच झालंय. इमाजी, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती, पुसणं, सजवणं, दुरुस्त करणं हे काम करणारं आमचं चार टाळक्यांचं मंडळ आहे. मालवणात मासे घ्यायला गेलो तरी कोणीतरी थांबवून विचारतं, "काय जोकीम सर, नवीन काय?" आता नवीन काय म्हणजे मूर्तींपायी कोण दचकलं, एवढंच!

मी कणकवलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. मंडळाची खरी मालकीण फिलूमावशी. वय सत्तरीचं, आवाज विशीतला. तिसरे भिकू मेस्त्री. माणूस हिंदू, पण आजोबांपासून आमच्या इमाजींचं सुतारकाम त्यांच्याच घराकडे. "तुमका भीती वाटत नाय?" असं कोणी विचारलं की मेस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "लाकूड ता! पावसात फुगता, उन्हात सुकता. हेच्यात भियाचा काय?"

चौथे आमचे नवीन फादर. त्यांना मंडळात ओढलं ते पुढच्या किश्शानं.

*

आमची दुःखी सायबीण, म्हणजे दुःखी मरियामाता, फक्त चेहरा आणि हातांपुरती कोरलेली आहे. खाली नुसता लाकडी सांगाडा. वरून काळा झगा, काळी ओढणी आणि खऱ्या केसांचा टोप. नवस फळला की गावातल्या बायका आपले केस देतात, त्यांचाच तो टोप. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मावशी तो काढून धुते.

फादर नवीन होते. दुपारी आपला झगा शोधायला म्हणून त्यांनी मागच्या खोलीतलं मोठं कपाट उघडलं. समोर एक टकली बाई, अंगाच्या जागी चार काठ्या, आणि काचेचे ओले डोळे थेट त्यांच्याकडे. फादर जे ओरडले ते बाहेर रिक्षा स्टँडवर ऐकू गेलं!

मागे मावशी टोप वाळवत उभी होती. ती जराही हलली नाही.

"फादर, ठोकून दार उघडूचा. बायल माणूस ती!"

तेव्हापासून फादर त्या कपाटावर टकटक करतात. रिकामं असलं तरी.

*

वेदीच्या उजव्या कोनाड्यात एक संत आहे. कोणता, ते कोणालाच माहीत नाही. जुनी माणसं सांगायची की मोठी वेदी सुटी करून गोव्याहून गलबतातून आणली, आणि उतरवताना एक संत पाण्यात गेला. पुढे कधीतरी तो रापणीच्या जाळ्यात आला. तोवर खाऱ्या पाण्यानं तोंड खाऊन टाकलं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, ओठांच्या जागी एक रेघ.

त्या चेहऱ्यात ज्याला त्याला आपलं गेलेलं माणूस दिसतं. मला माझे पप्पा दिसतात. मी शास्त्राचा माणूस, कोरी जागा दिसली की मन तिथे चित्र काढतं हे मला कळतं. तरी तिथून जाताना मी शर्टाचं वरचं बटण लावतो. पप्पांना उघडं बटण खपायचं नाही.

"ह्यांचं नाव काय?" फादरनी एकदा मावशीला विचारलं.

"तेका म्हायत असात. आमी कित्या विचारूचा?"

पण मावशी स्वतः त्या कोनाड्याकडे बघायची नाही. फुलं ठेवायची तीसुद्धा मान वळवून. आम्हाला कारण ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. तिचा एकुलता एक मुलगा सांतान ट्रॉलरवर गेला आणि वादळात बेपत्ता झाला. ट्रॉलर परत आला, बाकीचे खलाशी परत आले. सांतानचं काहीच मिळालं नाही. त्या कोनाड्यात आपल्याला कोण दिसेल, ह्याची मावशीला धास्ती होती.

*

आता डाव्या हाताचं सांगतो. क्रुसावरच्या आमच्या मोठ्या येशूचे हात खांद्यात दुमडतात. गुड फ्रायडेला दुपारी खिळे काढायचे, हात खाली येतात, मग त्याला चादरीत घेऊन पालखीत निजवायचं आणि मिरवणूक काढायची, ही आमची जुनी रीत. एक शिडी माझी, एक दुसऱ्या कोणाची. खाली पायरीवर, क्रुसाला अगदी लागून, चादर धरून फिलूमावशी.

सांतान गेला त्या वर्षापासून डावा हात अडायला लागला. खिळा काढला तरी तसाच आडवा! खांद्याला धरून दाबावा तेव्हा कर्रकन खाली यायचा. गावात बोललं जायचं की डावा हात अडला म्हणजे कोणीतरी घरी यायच्या वाटेवर आहे. मावशीनं ते पदरात बांधून घेतलं. फादर किती वेळा म्हणाले, "मावशी, सांतानसाठी चर्चमध्ये मिस करू या, गेलेल्यांची प्रार्थना. त्याच्या आत्म्याला विसावा मिळेल. सिमिटरीत त्याच्या नावाचा एक खुरीस तरी उभा राहील, साधा लाकडी क्रूस का असेना."

"वाटेवरच्या माणसाचो खुरीस कसो घालतास?" मावशी विचारायची. "हात अडता तोवर माजो झील येता आसा."

मला तिची दया यायची आणि रागही यायचा. रोज संध्याकाळी ती दोन माणसांची पेज शिजवायची आणि सकाळी एकाची कोंबड्यांना घालायची.

*

मग गोव्याहून लीना आली. जुन्या मूर्ती दुरुस्त करण्याचं शिकलेली, हुशार पोरगी. तिनं सायबिणीचे काचेचे डोळे साफ करायला काढले आणि स्टीलच्या वाटीत ठेवले. वाटी कुठेही ठेवली तरी दोन्ही डोळे दाराकडे वळायचे. "जमीन उतरती आहे," लीना म्हणाली. मी आपली वाटी दाराच्या उलट्या बाजूला ठेवून बघितली, डोळे पुन्हा दाराकडेच. मग मीही म्हणालो, "हो, उतरतीच आहे." मावशीनं वाटीवर रुमाल टाकला. "उघडे ठेवू नको गो. दार बघून बघून दमले ते."

ह्याच लीनानं डाव्या हाताचं कोडं सोडवलं. खांद्याच्या सांध्यावर जुनं कातडं होतं, आणि मेस्त्रींच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या त्याला खोबरेल तेल चोपडलं होतं. ते तेल वाळून डिंकासारखं झालं होतं.

"तुमच्या तेलानंच हात चिकटलाय, काका!"

मेस्त्री मूर्तीचा उजवा खांदा चाचपून एवढंच म्हणाले, "मगे उजवो कसो नाय चिकटाक? तेल दोनांकय लावलेला."

लीनानं कातडं बदललं, बिजागरी नवी घातली. आम्ही पुन्हा पुन्हा हात वर-खाली करून बघितला. लोण्यासारखा चालायचा. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"जोकीम," ती म्हणाली, "माज्या झिलाची वाट तुमी बंद केलास."

मी खाली पडलेलं जुनं कातडं गोळा करायला लागलो.

*

गुड फ्रायडे आला. मावशी येणारच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण ती आली. काळा झगा, हातात चादर, नेहमीच्या जागी.

उजवा खिळा निघाला, उजवा हात झपकन खाली आला. मी डावा खिळा काढला.

हात तसाच आडवा!

लीना पहिल्या बाकावरून उठून उभी राहिली. मी खांद्याला हात लावणार, एवढ्यात तो आपणहून हलला. लाकूड पडतं तसा पडला नाही. दमलेल्या माणसानं टेकावा तसा सावकाश खाली आला आणि तळवा मावशीच्या डोक्यावर टेकला.

"झील इलो," मावशी म्हणाली. तिनं चादर बाजूच्या बाईच्या हातात दिली आणि मिरवणूक सोडून घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा!

मिरवणूक परत आल्यावर मी आणि मेस्त्री तिच्या घरी गेलो. दिवेलागणीची वेळ. दोरीवर सांतानचा चौकडीचा शर्ट टांगलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. ओट्यावर पेजेची दोन ताटं. मावशीचं अर्धं भरलेलं, दुसरं चाटून पुसून साफ. मावशीनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. दमान इलोहा. आत्ताच निजलो."

मी मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनी पुढे होऊन आतल्या खोलीचा दरवाजा हलकेच ओढून बघितला. उघडला नाही. आतून कडी होती. आणि घरात तर मावशी एकटी, ती आमच्यासमोर उभी!

"मगे आमी येतंव," मेस्त्री अगदी कुजबुजत म्हणाले. वाटेत मी वाट बघत राहिलो की आता म्हणतील, 'लाकूड ता!' नाही म्हणाले.

सकाळी मावशी त्यांच्या दारात हजर. "मेस्त्री, दरवाजो उघडून दी. हाक मारून दमलंय." मेस्त्रींनी बाहेरच्या बाजूनं बिजागऱ्या काढल्या. मी तिथेच होतो. कडी लागलेली, खिडकीचे गज जागच्या जागी. आत कोणी नव्हतं. चटई अंथरलेली होती, आणि ओली होती.

मावशीनं चटईवरून हात फिरवला. मग ती उचलून उन्हात घातली.

तिथून ती थेट चर्चमध्ये. "फादर, माज्या सांतानाची मिस सांगा," एवढंच म्हणाली. फादर रडायला लागले, ती नाही. तिनं फुलं घेतली आणि उजव्या कोनाड्यापाशी गेली. ह्या वेळी मान वळवली नाही. त्या झिजलेल्या, कोऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"दाढी किती वाढवलंस रे!" ती म्हणाली.