न हललेला चेहरा

माघातली थंडी. सुखरामने सकाळी सुपेला वस्तीतल्या आपल्या बांबूच्या तट्ट्याच्या स्टुडिओपुढे पाणी शिंपडून तांबडी धूळ बसवली, कॅमेऱ्याचं भिंग पुसलं, तोवर त्याच्याच गावाकडचा लहानू दारात उभा. कारखान्याच्या बांधकामावर होता तो.

"गेटवरच्या बाबूनं फोटो पुन्हा वापस केला, भाऊ. म्हणे चेहरा कुठं हाय याच्यात? उद्या फोटो नाही, तर गेटपास नाही. अन् पास नाही, तर काम नाही."

फोटोत लहानूला दोन नाकं अन् चार डोळे आले होते. परांचीवरून पडल्यापासून त्याची मान सारखी हलायची. हात मात्र धड. मिक्सरमध्ये खडी टाकायला तो दोघांना भारी होता.

"जरा धरून ठेवता येत नाही का रे मान?"

"मी थोडीच हलवून राहिलो? तेच हलून राहिली!"

लग्नाच्या कामासाठी जपलेले फ्लॅशचे दोन बल्ब सुखरामने काढले. पहिला फुकट गेला. बटण दाबल्यावर बल्ब पेटायला निमिषभर लागतं. तेवढ्यात कॅमेऱ्याची झडप मिटली, उजेड नंतर पडला.

मग त्याने दारावर घोंगडी टाकली, फटी बुजवल्या. काळोखात झडप आधीच उघडी ठेवली. अंधारात मान कितीही हलो, उमटणार काय? बल्ब उडवला, क्षणभर उजेड पडला अन् लगेच झडप मिटली.

दुपारी लहानूने ओला फोटो दोन्ही हातांनी धरून दाराच्या उजेडात नेला.

"हा मीच व्हय ना, भाऊ? बायकोले दाखवतो. लग्नात असाच होतो मी."

दुसऱ्या दिवशी भर ड्यूटीच्या वेळी तो परत आला अन् गेटवर झालेलं सांगू लागला.

आजवर बाबू पुसट फोटो पाहून फोटोवाल्याला शिव्या द्यायचा. माणसाकडे बघायचाच नाही. आज फोटो लख्ख निघाला, म्हणून बाबूने तो लहानूच्या तोंडाशेजारी धरून ताडून पाहिला.

"फोटो में तो सीधा है, तू काहे हिल रहा है?"

डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने कागदावर एकच ओळ लिहिली, 'कामास अयोग्य', अन् बाबूने जुना पासही काढून घेतला.

"तुमी तं चांगलाच काढला होता," लहानूनेच सुखरामची समजूत घातली. मग हळूच म्हणाला, "एखादा हललेला हाय का शिल्लक? तोच नेतो. हललेला फोटो, हललेला मी. जुळते ना?"

"आता बाबूनं तुलाच पाहिलं रे," सुखराम म्हणाला. लहानू उठून गेला.

बत्तीस जणांचे गेटपासचे फोटो संध्याकाळच्या आत द्यायचे होते. सुखरामने कात्री घेतली अन् कडा कापायला बसला.