अविवाहितेचे दहा गुण

पवित्रा ढुंगेल होबार्टच्या आमच्या गारठलेल्या घरात आठ वर्षं राहिली. पुढच्या खोलीत मी आणि माझा नवरा, मागच्या खोलीत ती. तीही नेपाळातल्या आमच्याच झापा जिल्ह्यातली, दमक गावची. सिडनीत हिशेबनिशीची पदवी घेतली, पण तोवर त्या धंद्यातल्यांना ऑस्ट्रेलियात कायम राहायला लागणारे गुण इतके चढले की व्हिसाच्या एजंटाने तिला, कमी गुणांत भागेल म्हणून, टास्मानियाला धाडलं. इथे ती नव्याने स्वयंपाक शिकली. घरी चहासुद्धा दुसऱ्यावर ढकलणारी बाई हॉटेलात दिवसभर मेंढीचं मांस भाजू लागली.

गावी डिल्लीराम होता, शाळेत विज्ञान शिकवायचा. दोघांचं ठरलेलं, घरच्यांनाही मान्य. पण एजंटाने सांगितलं, एकटीला दहा गुण जास्त मिळतात. लग्न केलंस तर नवऱ्याचं इंग्रजी आणि हुन्नर दोन्ही तपासतील, नाहीतर ते दहा गेलेच समज. डिल्लीरामने विराटनगरला जाऊन दोनदा इंग्रजीची परीक्षा दिली. दोन्ही वेळा बोलण्यात अडकला.

मग दर दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, लग्न पुढे. मी तिला म्हटलं, जा, करून टाक लग्न, पुढचं पुढे.

"तुझं काय जातंय दिदी बोलायला? तुझा नवरा तुझ्याजवळ आहे."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तिला तेहतीस पूर्ण झाली आणि वयाचे पाच गुण गळाले. आता तर ते दहा सोडणं शक्यच नव्हतं. इंग्रजीत आणखी गुण मिळावेत म्हणून ती चौथ्यांदा परीक्षेला बसली. त्याच वर्षी डिल्लीरामने स्वतः फोन करून सांगितलं की शाळेतल्याच एका शिक्षिकेशी त्याचं ठरलंय. आई थकली, आता थांबवत नाही म्हणाला. पवित्रा रडली नाही. वेळेवर कामाला गेली.

दोन वर्षांनी कायमच्या वास्तव्याचं पत्र आलं. मी तांदळाच्या पिठाची गोड सेलरोटी तळली, शेजारची नेपाळी मंडळी जमली. कुणी तरी विचारलं, अर्जात काही थापा माराव्या लागल्या का?

"एकही नाही," पवित्रा म्हणाली. "अविवाहित लिहिलं होतं. अविवाहितच आहे."

त्या दसैंला ती नऊ वर्षांनी गावी गेली. डिल्लीराम बाजारात भेटला, कडेवर वर्षाची मुलगी.

"मिळालं?"

"मिळालं."

"बरं झालं. निदान एकाचं तरी काम झालं." मग त्याने पोरीचे दोन्ही हात धरून जोडले. "आत्याला नमस्कार कर."

पवित्राने पोरीच्या गालाला हात लावला आणि घरी आली. वडीलधाऱ्यांकडून सणाचा टीका कपाळी लावून घ्यायलाही थांबली नाही, तिकीट बदलून परतली. बटाटे सोलता सोलता तिने मला हे सगळं सांगितलं, सावकाश, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

आता ती त्याच हॉटेलात मुख्य आचारी आहे. आईचा फोन आला की स्थळांची नावं ऐकून घेते, हं हं करते आणि कामाला उशीर होतोय म्हणून फोन ठेवते.