थंडीतली उन्हाळी

कागलच्या पिराजीला उन्हाळी लागायची ती ट्रकमुळं, असं त्याचं ठाम म्हणणं. दिवसभर तापल्या इंजिनाशेजारी बसल्यावर लघवीला आग होणारच. मग धण्याचं पाणी, भिजवलेला सब्जा. उतार पडला की पुन्हा बेंगळुरूची वाट.

यंदा आग ऐन पौषात सुरू झाली. त्याची पाच महिन्यांची गरोदर बायको निशिगंधा सब्ज्याची वाटी पुढ्यात ठेवत म्हणाली, "गाव शेकोटीला बसलंय, आन् तुमास्नी उन्हाळी?"

"इंजिन तापतंय की."

"कुणाचं इंजिन, त्ये सांगा."

पिराजी सकाळी गुपचूप सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा उष्णतेचा विकार नाही. शरीरसंबंधातून लागलेला रोग आहे. बायकोला त्रास नसला तरी तिलाही असू शकतो, आणि औषध झालं नाही तर बाळंतपणात मुलाला लागू शकतो. तिला घेऊन या.

घाटात ब्रेक निकामी झाले तेव्हाही तो एवढा घामाघूम झाला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. हायवेवरचा लॉज, तिथल्या बायका, एकदा नव्हे अनेकदा.

निशिगंधा शिव्या देईल, कोडोलीला माहेरी निघून जाईल, अशी त्याची तयारी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, गॅस बंद केला.

"चला, माझा केसपेपर काढा. रडायचं ते मी मागनं रडीन."

ही बाई कोणत्या मातीची आहे, हे पिराजीला लग्नानंतर पहिल्यांदा कळत होतं.

"औषध पुरं हुईस्तोवर जवळ यायचं न्हाई," तिलाही रोग निघाला, तेव्हा औषध घेऊन परतताना ती म्हणाली. "आन् फुडं लॉजची पायरी चढलासा, तर मी न्हाई आन् पोरबी न्हाई."

पुढच्याच खेपेला जोडीदार ड्रायव्हर कृष्णातनं लॉजसमोरच्या चहाच्या टपरीवर गाडी लावली. "उतर की. का उन्हाळी लागलीया?" टपरीवरचे ड्रायव्हर हसले.

"उन्हाळी न्हवं ती, रोग हुता," पिराजी म्हणाला. "पोटुशी बायकोला दिलता म्या. तुला जायाचंच असलं तर निरोध घिऊन जा. आन् आधी तपासून घे."

टपरीवरचं हसणं थांबलं. कृष्णात जवळ सरकून हळूच म्हणाला, "कुठल्या दवाखान्यात गेलतास?"

फेरतपासणीत नवरा-बायको दोघंही बरी निघाली. वैशाखात मुलगी झाली, ठणठणीत. पिराजीनं हात पुढं केले आणि मागं घेतले.

"घ्या की," निशिगंधा म्हणाली. "माझा राग तुमच्यावर हाय, तिचा न्हाई."