पांढऱ्या पाटीचा व्याही

घेण्यावरून भांडणारी माणसं मी जन्मभर पाहिली. न घेण्यावरून हातघाईवर येणारा माणूस मात्र आमच्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. माझी एकुलती मुलगी ज्या घरात दिली, त्या घरातले तिचे सासरे. त्यांच्या गाडीतून उतरताना तुम्ही सीटवर साधं लिंबू विसरलात तरी ते लिंबू घेऊन हा माणूस तुमच्या पडवीपर्यंत येणार. पडवीत तुम्ही नसलात तर तुळशीच्या कट्ट्यावर ठेवणार, आणि शेजाऱ्याला साक्षीला बोलावून सांगणार, "बघा हां, लिंबू परत केलंय."

व्याही एसटीत कंडक्टर होते. विनातिकीट माणूस त्यांना वासावरून कळायचा असं म्हणतात. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी मोठी गाडी घेतली, मागे दोन बाकं असलेली. चालवतात स्वतःच, पण त्यांच्या आतला कंडक्टर काही उतरलेला नाही. गाडीत एकटं माणूस असलं तरी म्हणणार, "आत सरका, दाराकडे गर्दी नको." एसटीच्या प्रत्येक थांब्यावर गाडी हळू करणार, थांब्यावर फक्त कुत्रा असला तरी. निघण्याआधी आरशात बघून माणसं मोजणार, सगळ्यांना "बसलात?" म्हणून विचारणार, आणि उत्तर आलं की तोंडाने "टिन् टिन्" अशी डबल बेल देणार. स्वतःच बेल देणार आणि स्वतःच गिअर टाकणार. बेल दिल्याशिवाय गाडी सोडलेली मी पाहिली नाही.

रस्त्याच्या कडेला हात दाखवणारा माणूस सोडून पुढे जाणं त्यांना जमत नाही. त्यामुळे गाडी नेहमी भरलेली. आणि पैसा मात्र घ्यायचा नाही, कारण गाडीची नंबराची पाटी पांढरी. पिवळी पाटी ती भाड्याची गाडी, तिचं परमिट वेगळं, विमा वेगळा, हप्ता मोठा. पांढरी पाटी ती घरची गाडी. घरच्या गाडीत भाडं घेऊन माणूस बसवला आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते. हे आता आमच्या वाडीत लहान मुलांनासुद्धा पाठ आहे, कारण व्याही ते आरतीसारखं म्हणतात. "भाडां घेवचा नाय, मोबदलो घेवचा नाय. नारळ म्हणजे मोबदलो. बांगडो म्हणजे मोबदलो."

ही धास्ती उगाच नव्हती. त्यांच्याबरोबर नोकरीला असलेला शिरोड्याचा एक ड्रायव्हर कुडाळ स्टेशनवरून पर्यटक भरून आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून समुद्रावर सोडायचा. एकदा गाडी झाडावर गेली. पर्यटकांनी खरं ते सांगितलं, की आम्ही भाडं ठरवून बसलो. कंपनीने दमडी दिली नाही. ती गाडी अजून त्याच्या माडाखाली उभी आहे आणि तिच्यात कोंबडी अंडी घालते. व्याही ती गाडी बघून आले आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्या हातची सुपारीसुद्धा गाडीत घेतली नाही.

पण कोकणातल्या माणसाला फुकट बसायला सांगणं म्हणजे त्याला शिवी देणं. माणसं गुपचूप ठेवायला लागली. मासेवाली दाराच्या कप्प्यात केळीच्या पानात बांगडे ठेवून उतरली, तर हे बांगडे घेऊन तिच्यामागे वाळूतून चपला हातात धरून धावले. शेजारच्या ख्रिश्चन वाडीतल्या टीचरबाईंनी डिसेंबरात केक दिला. ह्यांनी विचारलं, "हो नाताळाचो काय गाडयेचो?" बाई म्हणाल्या, नाताळाचा. मग घेतला, आणि खाऊन छान झालाय म्हणाले. नाताळ होऊन गेल्यावर पुन्हा केक आला तेव्हा तो तसाच परत गेला. एकदा स्टेशनवर लहान मूल घेऊन एक जोडपं उभं होतं, रिक्षा नव्हती. व्याही म्हणाले, बसा, सोडतो. नवऱ्याने विचारलं, किती घेणार? हे म्हणाले, काही नाही. त्याने पुन्हा विचारलं, हे पुन्हा काही नाही म्हणाले. फुकट नेणारा माणूस चोर असणार असं त्या जोडप्याच्या मनाने घेतलं आणि पहिल्या दुकानापाशीच बायको म्हणाली, आम्हाला इथेच उतरायचंय. व्याही ती गोष्ट सांगताना अजून चिडतात. "मी तिकीट मागितलंय असतां तर तेंनी विश्वास ठेवलो असतो," म्हणतात.

ह्या माणसाला तोडीस तोड भेटली ती माझी बायको. ती आता नाही. मेली. गोड शब्द मला येत नाहीत.

तिची किडनी गेली तेव्हा डॉक्टरने आठवड्यातून दोनदा कुडाळला येऊन रक्त धुवून घ्यायला सांगितलं. रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते आणि एसटीची वेळ जुळत नव्हती. व्याही एका सकाळी आमच्या दारात गाडी लावून उभे राहिले. मी म्हटलं, बस. ती बसेना. आमच्यात मुलीच्या सासरचं काही घ्यायचं नाही. मुलीला पहिलं मूल होईपर्यंत ही त्यांच्या घरी पाणी प्यायली नव्हती, घरून बाटली भरून न्यायची. नातू झाला, मग तिथला चहा प्यायला लागली, तोही अर्धा कप.

"चेडवाच्या सासऱ्याच्या गाडयेत फुकट बसान जावचा?" ती म्हणाली. "माझ्या आवशीन माका ह्या शिकवक नाय."

"विहिणबाय, तुमी काय दिलात तर माझो विमो मरता," व्याही म्हणाले.

"तुमचो विमो म्हणजे काय सोवळ्यातलो भट? नारळ लागलो की बाटता?"

शेवटी ती बसली, पण बसताना पिशवीत आगळाची बाटली होती. आगळ म्हणजे कोकमाचा रस, तिच्या हातचा, दुसरीकडे तसा मिळत नाही. ती बाटली तिने कुडाळहून येताना सीटखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आमची मुलगी बाटली घेऊन परत आली, सासऱ्यांनी पाठवली म्हणून. मग कुळथाची पिठी गेली आणि आली. मग सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, गेली आणि आली. मग एक भोपळा गेला. तो भोपळा ती डिकीत ठेवायची, व्याही तो आमच्या पायरीवर ठेवायचे, ती पुन्हा डिकीत. भोपळ्याने कुडाळच्या इतक्या खेपा केल्या की डिकीत त्याची जागा ठरून गेली. शेवटी मुलगी वैतागली, तिने तो अर्धा कापून आमच्याकडे ठेवला, अर्धा सासरी नेला आणि दोन्ही घरी भाजी केली. म्हणाली, "आता कोणी कोणाक काय देवक नाय आणि कोणी काय घेवक नाय. जेवा."

मला वाटतं औषधापेक्षा ह्या भांडणाने ती जास्त वेळ जगली. गाडी यायच्या आधी ती विचार करत बसायची, आज काय लपवू. आणि गाडीत बसली की मागे वळून न बघता व्याही विचारायचे, "विहिणबाय, बसलात?" ती "बसलंय" म्हणेपर्यंत डबल बेल नाही.

एक दिवस आम्ही तिघं कुडाळहून येताना वळणावर म्हैस आडवी आली. व्याह्यांनी म्हैस वाचवली आणि गाडी कडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर घातली. तो चिऱ्याचा गडगा तरुणपणी मीच बांधलेला. चिरा हलला नाही, गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं. माझा गुडघा सुजला, तिचा ओठ फुटला, व्याह्यांना काही झालं नाही. ते रस्त्यात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलले, तर "गडगो कोणी बांधलो रे हो?" मी म्हटलं, मी. म्हणाले, "जरा कच्चो बांधूक काय झाला होता?"

गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीने सांगितलेला खर्च पेन्शनीतून होण्यासारखा नव्हता. विमा मिळाला तर गाडी उभी राहणार, नाहीतर तिच्यातही कोंबडी बसणार. आणि गाडी नाही तर ती कुडाळला जाणार कशी? त्या आठवड्यात एकदा रिक्षाने नेली. परत आली ती भिंत धरून चालत होती. दुसरी खेप चुकली, आणि तिचे पाय सुजले.

कंपनीने चौकशीला एक माणूस पाठवला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातलं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की पांढऱ्या पाटीची ही गाडी रोज भरून जाते. त्याने आधी वाडीत विचारलं, भाडं देता का? आता बघा आमच्या लोकांची अक्कल. ज्या माणसाने त्यांचं लिंबूसुद्धा परत केलं, त्याच्याबद्दल एकालाही म्हणवेना की आम्ही फुकट बसतो. मासेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काय फुकटी वाटलंय तुमका? बांगडे दितंय. ताजे." दुसरा म्हणाला, नारळ देतो. तिसऱ्याने तर गेल्या वर्षी फणस दिल्याचं सांगितलं, जो त्याने कोणालाच दिला नव्हता. तो माणूस लिहीत होता. व्याही बाजूला उभे होते, त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "परत केलंय ओ, सगळा परत केलंय," एवढंच म्हणत होते.

मग तो आमच्याकडे आला. अपघातात गाडीत मीही होतो, पण खेपा तिच्यासाठी, तेव्हा तिचं सांगणं महत्त्वाचं. ती पडवीत खुर्चीवर बसली होती, सुजलेले पाय चादरीखाली. मुलगी दारात उभी. व्याही अंगणातच थांबले. आत या म्हटलं तर नको म्हणाले. तिथूनच तिला फक्त एवढं बोलले, "विहिणबाय, खरा ता सांगा."

"आजी, भाडं किती देता?" त्याने विचारलं.

"देत नाय."

"काहीच नाही? वस्तू वगैरे?"

"भोपळो दिललंय. तो परत इलो."

"म्हणजे फुकट बसता?"

मी तिच्याबरोबर जन्म काढला, मला माहीत होतं तो शब्द तिच्या तोंडून यायचा नाही. ज्या बाईने नातू होईपर्यंत लेकीच्या घरी पाणी घेतलं नाही, तिने परक्या माणसासमोर, लेकीच्या देखत, असं म्हणायचं. तिने चादर नीट केली. मग अंगणाकडे न बघता म्हणाली, "होय. चेडवाच्या सासऱ्याच्या गाडयेत मी फुकट बसतंय. दर खेपेक."

तो हसला. म्हणाला, "आमच्याकडे पांढऱ्या पाटीच्या गाडीत सापडलेले सगळे एकमेकांचे व्याहीच असतात."

तिने मान वर केली. "शिरा पडो तुझ्या तोंडार," अशी आमच्याकडची शिवी तिने शांतपणे दिली, आणि मुलीला पुढे ओढलं. "ह्या माझा चेडू. ही तेंची सून. नाक बघ हेचा आणि माझा बघ."

त्याने खरंच दोघींची नाकं बघितली. मग वही मिटली. चहा घेतला, पूर्ण कप. जाताना अंगणात व्याह्यांना म्हणाला, "काका, ठरवून पैसे घेतले, धंदा केला, तर अडचण येते. प्रेमाने दिलेल्या नारळाला कोणी भाडं म्हणत नाही. घेत चला."

व्याही बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. इतके नारळ परत केल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, आता घ्या. म्हणाले, "हो साहेब चलता म्हणालो. दुसरो साहेब म्हणात काय?"

विमा मिळाला. गाडी आली, नवं बॉनेट बाकीच्या गाडीपेक्षा थोडं जास्त पांढरं. तिच्या खेपा सुरू झाल्या. पण त्या दिवसानंतर तिने गाडीत काही लपवलं नाही. विचारलं तर म्हणायची, आता काय, सगळ्या गावाला कळलंय फुकटी म्हणून. व्याही दर खेपेला "बसलात?" विचारायचे, ती "बसलंय" म्हणायची, आवाज जरा बारीक होत गेला एवढंच. शिमगा झाला आणि ती गेली.

बारावं उरकल्यावर मी आमच्या माडाचे नारळ सोलून पोतं भरलं आणि व्याह्यांच्या डिकीत टाकलं. ती असती तर तिने हेच केलं असतं. त्यांनी पोतं उचललं आणि माझ्या पायरीवर आणून ठेवलं.

"साहेबान सांगितल्यान ना, नारळ चलता?" मी म्हटलं.

"चलता. पण एका खेपेचा भाडां दोनदा घेवचा नाय. माका मिळाला."

"कोणी दिला?"

"विहिणबायनी."

"भोपळो परत केलात."

ते फडक्याने आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या पोरासमोर, सुनेच्या देखत, 'फुकट' बोलल्यो ना. ता. एवढा भाडां माका एसटीत पण कोणी देवक नाय." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपनीक सांगू नकात."

मला मालवणच्या बाजारात जायचं होतं. मी नेहमीसारखा मागे बसलो, खिडकीची तिची जागा सोडून. आत सरका असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आरशात बघितलं. गाडी चालू होती, गिअरवर हात होता, पण डबल बेल येईना. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ बसली, तरी आम्ही तिथेच.

"बसलंय," मी म्हटलं.

"टिन् टिन्," व्याही म्हणाले, आणि गाडी सोडली.