शिक्केबाईंच्या वडिलांचं मृत्युपत्र

कोर्टामागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर एक अरुंद खोली होती. तिथे बसणाऱ्या नोटरीबाईंना सगळे शिक्केबाई म्हणत, तेही अगदी तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, टेबलावर लोखंडी दाबशिक्का, निळं स्टँप पॅड आणि अंगठा उठवणाऱ्यांसाठी एक ओला फडका, एवढा त्यांचा संसार.

भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं ही कामं त्या झटपट उरकत. मृत्युपत्र आलं की मात्र त्यांचा हात आखडायचा. सोबत आलेल्या सगळ्यांना त्या आधी बाहेरच्या बाकावर बसवत, दार लोटून घेत आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला म्हणत, "कागद राहू द्या बाजूला. तुमच्या मनात काय आहे ते मला सांगा." मनातलं आणि कागदावरचं जुळलं तरच शिक्का. कितीतरी सुना, जावई, पुतणे त्या बाकावर चुळबुळत बसले आणि बाईंच्या नावाने बोटं मोडत घरी गेले.

गावभरची मृत्युपत्रं करणाऱ्या या बाईंच्या वडिलांनी मात्र स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. बायको लवकर गेली, तेव्हा त्यांची धाकटी बहीण शिवणकामाचं चालतं दुकान बंद करून भावाकडे आली. बाईंना आणि त्यांच्या भावाला तिनेच वाढवलं. आता दुमजली घरात वडील आणि आत्या ही दोघंच उरली होती. उद्या वडिलांचं काही झालं, तर कायद्याने घर मुलांचं होणार आणि आत्याच्या हाती काही राहणार नाही, ही बाईंच्या जिवाला लागलेली काळजी.

एका रविवारी त्यांनी स्वतःच मसुदा लिहिला. घर दोन्ही मुलांना, आणि आत्याला हयातभर तिथे राहण्याचा हक्क. भावाने फोनवर ताबडतोब हो म्हटलं. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं. मार शिक्का."

"मला नाही चालत, बाबा. घरच्या माणसाचं काम मी करू शकत नाही."

"मग कोण करणार?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. गल्लीत दुसरे नोटरी एकच, समोरच्या जिन्यावरचे चष्मेवाले वकील. त्यांच्या नव्या पाटीने बाईंची पाटी निम्मी झाकली गेली होती, आणि तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं बंद होतं. पण आत्यासाठी बाईंनी नाक मुठीत धरलं आणि वडिलांना घेऊन समोरचा जिना चढल्या. साक्षीसाठी झेरॉक्सवाला आणि शेजारचा टायपिस्ट होतेच.

वकिलांनी वडिलांना खुर्ची दिली. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी नोटरी आहे."

"आज मुलगी आहात."

बाई बाहेर येऊन बसल्या. दाराकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर तिकडेच जात होती. आत बाबा काय बोलत असतील, नीट ऐकू येत असेल ना त्यांना, तारीख तरी बरोबर सांगतील ना? पदराचं टोक पिळून पिळून त्यांनी त्याची पार दोरी केली.

थोड्या वेळाने दार उघडलं. वकिलांनी कागद जसाच्या तसा परत दिला.

"सही झाली नाही," ते म्हणाले. "मी विचारलं, हे तुम्हाला हवंय का? तर म्हणाले, मुलीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. यावर मी शिक्का मारू शकत नाही. तुम्हीही मारला नसता."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मात्र वडिलांना घरी सोडायला जाताना वाटेत कधीतरी राग निवला, कारण वकिलांचं म्हणणं खरं होतं. बाईंनीही तो कागद परतच केला असता.

त्या रात्री वडिलांकडेच जेवून झाल्यावर त्या त्यांच्याजवळ बसल्या. "बाबा, त्यात काय आवडलं नाही तुम्हाला?"

वडिलांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "तू एवढ्या मायेने लिहिलंस, तोंडावर नाही कसं म्हणू? पण त्यात तुझी आत्या 'राहू शकेल' असं आहे. पाहुणीला राहू दिल्यासारखं. तिने आपलं दुकान सोडलं तुमच्यासाठी. माझ्या पश्चात तिला कोणी राहू देणारं असावं, हेच मला नको आहे."

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न बाई आपल्या घरात विचारायलाच विसरल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात वडील एकटे समोरचा जिना चढले आणि मृत्युपत्रात खालचा मजला बहिणीच्या नावाने लिहून आले. संध्याकाळी चष्मेवाले वकील जिन्यात भेटले. काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. "तुमचे वडील फार गप्पिष्ट आहेत," एवढंच म्हणून ते हसले, आणि बाईही हसल्या. महिन्याभरात वकिलांनी आपल्या आईला मृत्युपत्रासाठी बाईंकडे आणलं आणि कोणी न सांगताच बाहेर जाऊन बसले.

आत्याला ही बातमी वडिलांनीच दिली. मरणाच्या गोष्टी कशाला काढल्या म्हणून ती भावावर रुसली आणि त्याच्याशी बोलेनाशी झाली. मग एका सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवताना म्हणाली, "दादा, खालच्या खोलीत वारा येत नाही. खिडकी मोठी करून घ्यायची म्हणते मी."

"मला काय विचारतेस?" वडील म्हणाले, आणि चहा पिऊन गवंड्याला बोलवायला निघाले.