चेंबरमधली गोळी आणि हवालदार हरेश्वर

माझं शेवटचं पोस्टिंग उरणच्या बाजूला होतं. दारूगोळ्याचं एक भांडार, भोवती तारेचं कुंपण, पलीकडे खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल. आमच्या कंपनीची एक तुकडी तिथे गार्ड ड्यूटीला होती. मी नायब सुभेदार, तुकडीचा प्रमुख. काश्मीर करून आलेले जवान म्हणायचे, "साहेब, ही तर सुट्टीच." पण खाऱ्या हवेत सकाळी पुसलेल्या रायफलीवर संध्याकाळी तांबूस डाग दिसायचे. पाहऱ्याइतकाच वेळ आमचा गंजाशी झगडण्यात जायचा.

शस्त्रांची खोली, म्हणजे आमच्या भाषेत कोत, हवालदार हरेश्वरच्या ताब्यात होती. हरेश्वर उरणजवळच्याच मोऱ्याचा कोळी. सगळी नोकरी बर्फात आणि वाळवंटात काढल्यावर त्याला घराशेजारचं पोस्टिंग मिळालं होतं. सुट्टीच्या दिवशी सायकलने घरी जायचा, येताना सुकट आणायचा. आमच्या साताऱ्याच्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, नंतर मागून मागून खाल्ली.

रायफलीच्या बाबतीत तो फार कडक. बॅरल, म्हणजे रायफलीची नळी, साफ करायचे जुने रॉड तुकडे जोडून बनवलेले असायचे, पोलादी. जोडाच्या ठिकाणी ते वाकतात आणि बॅरलला आतून ओरखडे पाडतात. हरेश्वरने ते सगळे बाजूला काढून एका पेटीत टाकले आणि अखंड, पितळेच्या टोकाचे नवे रॉड मागवून घेतले. जवानांना सांगायचा, "रॉड बॅरलपेक्षा बारीक पायजे, नि बॅरलपेक्षा मऊ पायजे. घालायचा चेंबरच्या बाजूनं. पन त्याच्या आधी चेंबरमंदी डोला घाला, बोट घाला. आतमंदी काय नाय ही खात्री झाली, मंगच रॉड हातात घ्या."

त्या दिवशी सकाळी फायरिंग झालं. दुपारी कोतसमोरच्या शेडमध्ये सफाई सुरू होती. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं, त्यामुळे सगळ्यांचे हात घाईत होते.

हरेश्वर माझ्याकडे आला.

"साब, एका रायफलीची गोली चेंबरमंदी अरकली हाय. बोल्टला धरवत नाय."

"जिवंत?"

"जिती हाय."

फायर न झालेली गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, घट्ट बसली होती. मॅगझिन उतरवलेलं होतं. हरेश्वरने बोल्ट, म्हणजे गोळीमागचा स्प्रिंगवरचा दांडा, मागे ओढून मध्ये लाकडाचा गुटका अडकवला होता, आणि रायफल वाळूच्या पोत्यांकडे तोंड करून ठेवली होती. अशा वेळी नियम एकच. हात लावायचा नाही, आर्मररला बोलवायचं. आर्मरर, म्हणजे शस्त्रांचा मिस्त्री, दुसऱ्या युनिटमधून यायचा होता. मी फोन करायला कोतमध्ये गेलो.

रायफल लान्स नाईक तानाजीची होती. कोरेगावकडचा गडी, अंगाने दांडगा, मनाने चांगला. पण इन्स्पेक्शनला आपली रायफल अडकलेली दिसणार हे त्याला सहन होईना. त्याने जुन्या पेटीतला जोडाचा रॉड काढला, रायफलीचा दस्ता जमिनीवर टेकवला, रॉड नळीच्या तोंडातून आत सोडला आणि लाकडी हातोड्याने वरून ठोकायला लागला. गोळी मागच्या मागे निघेल असा त्याचा हिशेब.

आवाज ऐकून मी वळून पाहिलं. तानाजीचा चेहरा थेट नळीच्या वर होता. प्रत्येक ठोक्याबरोबर गुटका सरकत होता. मी ओरडलो असतो तर तो दचकला असता.

हरेश्वर शेडच्या दुसऱ्या टोकाला इतरांच्या रायफली बघत होता. तो धावला नाही. चालत गेला.

"तानाजी. हातोरा खाली कर."

तानाजी थांबला.

"हलू नको. तसाच बस. मी आयलो."

हरेश्वरने एक हात बॅरलवर ठेवला आणि दुसरा तानाजीच्या छातीवर. नळी पोत्यांकडे वळवायची आणि माणूस मागे लोटायचा, असं त्याच्या मनात असणार. तानाजी मागे पडला. नळी पूर्ण वळायच्या आत गुटका निसटला, बोल्ट जोरात पुढे गेला आणि गोळी सुटली. फायरिंग पिन, म्हणजे गोळीवर आपटणारी सुई, गंजून बाहेरच अडकली होती, हे नंतर चौकशीत निघालं.

गोळीने रॉड बाहेर फेकला. तो हरेश्वरच्या छातीत बसला.

मी वॉकीटॉकी उचलला.

"कंट्रोल, कोत. एक कॅज्युअल्टी. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कोत, कंट्रोल. फायर कुठून आलं? ओव्हर."

"हल्ला नाही. ॲक्सिडेंट. अँब्युलन्स, लगेच. आउट."

तानाजी रॉडला हात घालणार होता. हरेश्वर शुद्धीवर होता. म्हणाला, "खेचू नको. हाय तसाच ऱ्हाऊ दे." आम्ही कापडाच्या घड्या रॉडभोवती दाबून धरल्या. अँब्युलन्समध्ये मी आणि तानाजी बसलो. गव्हाण फाट्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. ड्रायव्हर उलट्या बाजूने घुसला. उलव्याच्या पुढे हरेश्वरचा श्वास थांबला. तानाजी तरीही घड्या दाबून बसला होता. हॉस्पिटलच्या दारात त्याचे हात मला सोडवावे लागले.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरच्या अंत्यसंस्कारात सलामीला रायफली लागणार होत्या. पहाटे मी कोत उघडली. तानाजीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो दारात उभा होता. मी एक रायफल त्याच्यापुढे धरली.

"नको साहेब. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"होईल. मॅगझिन उतर."

त्याने उतरवलं.

"कॉक कर. परत कर. बघ."

त्याने चेंबरमध्ये पाहिलं, मग करंगळी घातली. "रिकामं आहे साहेब." मी त्याच्या हातात अखंड रॉड दिला. त्याने चिंदीला तेल लावलं, रॉड चेंबरच्या बाजूने आत घातला, मध्ये न थांबता पार बाहेर काढला. चिंदी काळी निघाली. त्याने दुसरी घेतली. सगळ्या रायफली त्यानेच साफ केल्या.

मोऱ्यात त्या दिवशी होड्या बाहेर पडल्या नाहीत. फैरी झडल्या, बिगूल वाजला. मी तिरंगा घडी करून हरेश्वरच्या बायकोच्या, जनाबाईच्या हातात दिला.

तिने विचारलं, "त्यांना कोनी मारला?"

"कोणी नाही, वहिनी. एक माणूस मरत होता, त्याला वाचवताना गेले."

ती माझ्या मागे पाहत राहिली. तानाजी मान खाली घालून उभा होता.

"यो काय त्यो?"

"हो."

ती दोन पावलं पुढे आली. मग तानाजीला म्हणाली, "पोरं हायत तुला?"

"एक मुलगी आहे."

"तिला सांग त्यांचं नाव," एवढं बोलून ती आत गेली.

आता मी कोपरखैरण्यात राहतो आणि तुर्भ्याच्या एका सिक्युरिटी एजन्सीत बंदूकधारी गार्डना शिकवतो. कोणता रॉड घ्यावा, असं कोणी विचारलं की सगळं सांगतो. तुकडीतले जुने जवान भेटले की कोणीतरी म्हणतंच, हरेश्वर रायफल साफ करताना गेला. मी तिथल्या तिथे दुरुस्ती करतो. अडकलेली गोळी काढत होता तानाजी. हवालदार हरेश्वर त्याला मागे लोटताना गेला.